क्लाउडवर ठेवलेला हिशेब : व्यापारी बांधवांच्या शंका

या पानावर संगणकीय हिशेबाविषयी आम्ही जेव्हा जेव्हा लिहितो, तेव्हा तेव्हा वाचकांच्या शंका येतात आणि अलीकडे त्यांत एकच विषय पुन्हा पुन्हा डोकावतो. ‘क्लाउड’वर हिशेब ठेवावा काय? यंत्रमागवाला असो, फळांचा आडत्या असो, उमरा-सहली काढणारा असो वा मोहल्ल्यातील बिनव्याजी पतसंस्थेचा चिटणीस असो, प्रत्येकाला कोणीतरी सांगितलेले असते की आता दुकानातल्या संगणकावर काही ठेवू नका, सारे क्लाउडवर टाका. तेथे काही हरवत नाही आणि ते कधी बंद पडत नाही. ही दोन्ही विधाने अर्धीच खरी आहेत. उरलेले अर्धे विकणारा सांगत नाही, म्हणून ते येथे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न केवळ यंत्राचा नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि त्यावर साक्षीदार ठेवण्याविषयी आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. वही गेली तर आपले येणे जाते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचे आपल्याकडे असलेले देणेही पुसले जाते. हिजरतच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केतील लोकांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले. कोणाची वस्तू कोणती हे ठाऊक होते म्हणून ती परत करता आली. पतसंस्थेच्या खतावणीत आज नेमके तेच लिहिलेले असते.

प्रथम क्लाउड म्हणजे काय ते पाहू. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. मोठ्या इमारती, त्यांत हजारो संगणक, अखंड वीज, थंड हवा आणि पहारा. भिवंडीत ज्याप्रमाणे आपण गोदाम बांधत नाही, गाळा भाड्याने घेतो आणि माल वाढला की शेजारचा गाळाही घेतो, त्याचप्रमाणे येथे साठवणीची जागा आणि संगणकाची शक्ती भाड्याने मिळते. जेवढी वापराल तेवढे भाडे. अशा अनेक कंपन्या आहेत. आम्ही उदाहरणासाठी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस घेत आहोत, कारण हा धंदा आजच्या स्वरूपात तिनेच २००६ साली सुरू केला आणि तिचे करार व नियम उघडपणे वाचायला मिळतात. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्या व्यवस्थाही तत्त्वतः याच धर्तीच्या आहेत.

वाचकांची पहिली शंका असते : आमचा हिशेब अमेरिकेत जाऊन बसणार का? उत्तर असे की ते आपल्यावर आहे. या कंपनीने जगाचे ‘रीजन’ म्हणजे विभाग पाडले आहेत. मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला आणि हैदराबाद विभाग नोव्हेंबर २०२२ मध्ये. (मायक्रोसॉफ्टचा एक विभाग तर २०१५ पासून पुण्यात आहे.) खाते उघडताना किंवा साठवण घेताना आपण जो विभाग निवडतो तेथेच माहिती राहते, आपण स्वतः हलवल्याखेरीज ती दुसऱ्या विभागात नेली जात नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे. पण निवड करणारा बहुधा आपण नसतोच, सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस असतो. त्याने सवयीने अमेरिकेतील व्हर्जिनिया विभाग ठेवला असेल तर हिशेब तेथे गेला. म्हणून बिलावर विभागाचे नाव वाचावे. मुंबईचे सांकेतिक नाव ‘एपी-साउथ-१’ आणि हैदराबादचे ‘एपी-साउथ-२’ असे आहे.

येथेच दुसरी एक शंका सुटते. एका वाचकांना त्यांच्या मुलाने हैदराबाद विभागात माहितीची दुसरी प्रत ठेवायला सांगितली, पण यादीत तो विभाग वापरताच येईना. कारण साधे आहे. मार्च २०१९ नंतर उघडलेले विभाग खात्यात आपोआप चालू नसतात. खात्याच्या मांडणीत जाऊन ते चालू करावे लागतात. शिवाय प्रत्येक सेवा प्रत्येक विभागात मिळतेच असे नाही. एखाद्या नव्या सुविधेची जाहिरात वाचली आणि ती मुंबईत दिसत नाही म्हणून खाते बिघडले असे समजू नये. कंपनी विभागवार सेवांची यादी प्रसिद्ध करते, ती पाहूनच सॉफ्टवेअरवाल्याशी बोलणी करावी.

आता मुख्य मुद्दा : ‘कधी बंद पडत नाही’ या दाव्याचा.

एका विभागात अनेक ‘अव्हेलेबिलिटी झोन’ असतात. आपण त्यांना पेठा म्हणू. प्रत्येक पेठेत एक किंवा अधिक इमारती, प्रत्येकीची वीज आणि तारा वेगळ्या, आणि पेठा एकमेकींपासून काही अंतरावर, पण १०० किलोमीटरच्या आत. एका पेठेत पाणी शिरले किंवा वीज गेली तरी दुसरी चालू राहावी हा हेतू. परंतु भाड्याने घेतलेला एक संगणक एकाच पेठेत असतो. ती पेठ बसली की तोही बसतो. आपल्याला वाटते आपण क्लाउडवर आहोत. प्रत्यक्षात आपण एका इमारतीतल्या एका यंत्रावर असतो.

करारातील आकड्यांत हा फरक स्पष्ट दिसतो, पण तो दाखवणारे कमी. आपला कारभार दोन किंवा अधिक पेठांत एकाच वेळी चालू असेल तर कंपनी महिन्याला ९९.९९ टक्के उपलब्धतेचे वचन देते. एकट्या संगणकासाठी वचन ९९.५ टक्क्यांचे आहे. कागदावर दोन्ही शंभराच्या जवळ. आता गुणाकार करा. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. ९९.९९ टक्के म्हणजे बंद राहण्याची मुभा सुमारे सव्वाचार मिनिटे. ९९.५ टक्के म्हणजे २१६ मिनिटे, अर्थात ३ तास ३६ मिनिटे. रमजान ईदच्या आदल्या संध्याकाळी कापडाच्या दुकानात साडेतीन तास बिल निघाले नाही तर काय होते ते आम्ही सांगायला नको. आणि तरीही कंपनीने वचन मोडले असे होणार नाही.

बरे, वचन मोडलेच तर? भरपाई मिळते, पण ती आपल्या नुकसानीची नसते. ती बिलातील सूट असते. उदाहरणार्थ ‘एस-थ्री’ या साठवणीच्या सेवेत उपलब्धता ९९.९ टक्क्यांखाली गेली तर त्या महिन्याच्या आकाराच्या १० टक्के, ९९ खाली गेली तर २५ टक्के आणि ९५ खाली गेली तर पूर्ण. दोन हजार रुपयांच्या बिलावर दोनशे रुपये, तेही पुढच्या बिलात वजा होणार, आणि ग्राहकाने मुदतीत अर्ज केला तरच. वीस-पंचवीस हजारांचा गल्ला बुडाला त्याचे काय, हा प्रश्न करारात नाही. म्हणून या वचनाला विमा समजू नये.

मोठे व्यत्यय किती मोठे असू शकतात याची दोन उदाहरणे पुरेत. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी व्हर्जिनिया विभागात एका कर्मचाऱ्याने दुरुस्ती करताना आज्ञा चुकीची दिली. काढायचे होते त्यापेक्षा कितीतरी अधिक संगणक सेवेतून निघाले आणि साठवणीची सेवा सुमारे चार तास कोलमडली. मौज अशी की सेवा बंद आहे हे सांगणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच साठवणीवर अवलंबून होता, त्यामुळे तो सारे ठीक असल्याचे दाखवत राहिला. दुसरे उदाहरण २० ऑक्टोबर २०२५ चे, त्याच विभागातले. ‘डायनॅमो-डीबी’ नावाच्या माहितीकोशाचा पत्ता सांगणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत दोष उद्भवला, पत्ता कोरा झाला आणि एकावर एक रचलेल्या सेवा कोसळत गेल्या. सारे पूर्ववत व्हायला दिवसाचा बहुतेक भाग गेला. यांतून घ्यायचे एवढेच की पेठा वेगळ्या असल्या तरी पूर्ण विभागाला ग्रासणारे दोष असू शकतात.

तथापि आमचे स्पष्ट मत असे की आपल्या गावी दुकान थांबते ते बहुतेक वेळा व्हर्जिनियातल्या दोषामुळे नव्हे, तर रस्ता खोदताना तुटलेल्या केबलमुळे किंवा वीज गेल्यामुळे. मोबाइलवरून चालणारी दुसरी जोडणी आणि दोन तास टिकणारी बॅटरी यांवर केलेला खर्च दोन पेठांच्या भाड्यापेक्षा आधी करावा. आणि गल्ल्याखाली छापील बिलबुक असू द्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

पुढची शंका बारीक आहे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. एका चिटणिसांनी विचारले की याच कंपनीच्या पत्रकात कोठे ९९.९९ लिहिले आहे तर कोठे ९९ च्या पुढे नऊ नवे, यांतले खरे कोणते? दोन्ही खरे, पण दोन वेगळ्या गोष्टींचे. पहिला आकडा उपलब्धतेचा : आता मागितले तर आता मिळेल का. दुसरा, ९९.९९९९९९९९९ टक्के, टिकाऊपणाचा : ठेवलेली वस्तू नष्ट तर होणार नाही ना. बँकेची तिजोरी रविवारी उघडत नाही म्हणजे आतले दागिने गेले असे होत नाही. एस-थ्रीच्या नेहमीच्या साठवणीत प्रत्येक फाइल किमान तीन पेठांत विखरून ठेवली जाते, आणि रचना अशी की एक कोटी फाइली ठेवल्या तर सरासरीने दहा हजार वर्षांत एखादी जावी. आकडा मोठा देखणा आहे. पण तो यंत्र बिघडण्याचा आहे. नोकराने चुकून पुसले, पासवर्ड चोरून कोणी पुसले, किंवा खंडणीखोराने कुलूप लावले, तर ते पुसलेलेच तीन पेठांत तितक्याच इमानदारीने जपले जाईल.

या बाबतीत करार सरळ आहे. इमारत, वीज, यंत्रे यांची जबाबदारी कंपनीची. पासवर्ड, कोणाला काय पाहता येते याचे नियम आणि प्रतींची व्यवस्था ही आपली. गोदामाचा मालक छप्पर गळू देणार नाही, पण आपण किल्ली पानवाल्याकडे ठेवली तर तो काय करणार? म्हणून तीन गोष्टी करून घ्याव्यात. मूळ खात्याला पासवर्डशिवाय मोबाइलवरील दुसरे कुलूप लावावे आणि ते खाते रोजच्या कामाला वापरू नये. ‘व्हर्जनिंग’ चालू करावे, म्हणजे फाइल बदलली वा पुसली तरी जुनी आवृत्ती राहते; हे आपोआप चालू नसते आणि जुन्या आवृत्त्यांचेही भाडे पडते. आणि कर्मचाऱ्याला त्याच्या कामापुरतीच परवानगी द्यावी. उमरा-सहली काढणाऱ्यांकडे शेकडो कुटुंबांच्या पासपोर्टच्या प्रती असतात, त्यांनी तर हे आजच करावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण दंड नसता तरी ती अमानतच होती.

‘मग एक प्रत पुरे ना?’ असे काही जण विचारतात. नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’ या क्लाउड कंपनीची एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांनी प्रत त्याच आवारात ठेवली होती वा ठेवलीच नव्हती, अशा अनेकांची माहिती कायमची गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियाच्या सरकारी संगणक केंद्रात आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठवणीतील ८५८ टेराबाइट कागदपत्रे नष्ट झाली. एवढ्या मोठ्या साठ्याची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. याउलट ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ हा सहा लाखांवर सभासदांचा निवृत्तिवेतन निधी पाहा. मे २०२४ मध्ये गूगलच्या क्लाउडवरील त्याची व्यवस्था आपोआप पुसली गेली. उभारणीच्या वेळी एक रकाना रिकामा राहिला होता आणि त्यामुळे मुदत एका वर्षाची ठरली होती. सभासद सुमारे आठवडाभर आपले खाते पाहू शकले नाहीत, परंतु निधीने दुसऱ्या कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या आणि सारे परत उभे राहिले.

लहान पेढीने हे कसे करावे? एक प्रत क्लाउडवर, दुसरी दुसऱ्या कंपनीकडे वा दुसऱ्या विभागात, आणि तिसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर, जी काम झाले की काढून घरी नेली जाते. तारेला जोडूनच ठेवलेली डिस्क ही वेगळी प्रत नव्हे. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या ग्राहकाची बाकी जुळते का ते पाहावे. उघडून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखी आहे.

कायद्याचे थोडक्यात. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. वाद चालू असेल तर अधिक. आपली पेढी नोंदलेली कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार हिशेबाची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज घ्यावी लागते. भागीदारी किंवा एकट्याच्या दुकानाला ही दुसरी अट नाही. नेमके आपल्याला काय लागू आहे ते आपल्या सीएकडून समजून घ्यावे.

खर्चाविषयी पत्रे सर्वांत जास्त येतात आणि तक्रारीही. मुंबई विभागात नेहमीच्या साठवणीचा दर दर गिगाबाइटला महिना सुमारे अडीच सेंट, म्हणजे १०० गिगाबाइटला अडीच डॉलर. दुकानाचा हिशेब बहुधा याच्या दहाव्या हिश्शातही मावतो. माहिती आत टाकायला आकार नाही; बाहेर काढायला महिन्याला पहिले १०० गिगाबाइट फुकट, पुढे आकार. दर डॉलरमध्ये असले तरी भारतीय खात्यांना बिल येथील कंपनीचे येते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. खात्यात आपला जीएसटी क्रमांक घातला नसेल तर त्याची वजावट हातची जाते.

खरा खर्च साठवणीचा नसून विसरलेल्या वस्तूंचा असतो. संगणक ‘बंद’ केला तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे भाडे चालू राहते. फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक पत्त्यालाही तासाला अर्धा सेंट पडतो, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर, कोणी वापरो न वापरो. फार स्वस्त अशी जुन्या दप्तराची साठवण आहे, पण तिच्यातून फाइल मागितली तर हाती यायला साधारण १२ तास लागू शकतात आणि १८० दिवसांच्या आत काढून टाकली तरी तेवढ्या दिवसांचे भाडे भरावे लागते. सहा वर्षांपूर्वीच्या बिलांसाठी ती उत्तम, चालू उधारीसाठी अजिबात नव्हे. ‘वर्षभर फुकट’ हे जुने आमिष आता तसे उरलेले नाही; जुलै २०२५ पासून नव्या ग्राहकाला २०० डॉलरपर्यंतची जमा आणि सहा महिन्यांची मुदत मिळते. खर्चाची मर्यादा ठरवून सूचना मागवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी लावावी. मात्र सूचना म्हणजे थांबवणे नव्हे. ती ई-मेल पाठवते, मीटर चालूच राहतो.

एका वाचकांनी विचारले की ज्याचे भाडे महिन्याच्या शेवटीच कळते असा करार शरियतच्या दृष्टीने कसा? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे हा इजारा म्हणजे भाडेकराराच्या जवळचा व्यवहार आहे. दर आधी जाहीर असतो, वापर मोजून आकार होतो, जसे विजेचे. अनिश्चितता दरात नसून आपल्या दुर्लक्षात असते. अंतिम मत मात्र उलेमांकडूनच घ्यावे. क्रेडिट कार्डावर बिल ठेवून व्याज चढू देणे हा वेगळा विषय आहे आणि त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे.

आता शेवटची बाब. बहुतेक वाचक ॲमेझॉनशी थेट व्यवहार करीतच नाहीत. ते एखाद्या सॉफ्टवेअरवाल्याला वर्षाचे पैसे देतात आणि तो पुढे क्लाउड भाड्याने घेतो. म्हणजे करार दोन, आणि आपल्या हाती पहिलाच. त्याने पुढचे भाडे थकवले किंवा धंदा गुंडाळला, तर क्लाउड कंपनी आपल्याला ओळखत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी त्याच्याकडून लेखी घ्यावे : खाते कोणाच्या नावावर आहे, विभाग कोणता, एकच पेठ की अनेक, प्रत किती दिवसांनी आणि कोठे घेतली जाते, आणि आपण सोडून जायचे ठरवल्यास सारा हिशेब एक्सेलसारख्या कोणत्याही संगणकावर उघडणाऱ्या स्वरूपात किती दिवसांत मिळेल. तोंडी उत्तर देऊन हसणाऱ्यापासून सावध राहावे.

सोडून जाण्याचे दार पूर्वीपेक्षा रुंद झाले आहे. २०२४ च्या सुरुवातीस आधी गूगलने आणि नंतर ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने, कायमचे निघून जाणाऱ्या ग्राहकाला माहिती बाहेर नेण्याचा आकार माफ करण्याची सोय जाहीर केली. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. ॲमेझॉनचे खाते बंद केल्यावर ९० दिवसांपर्यंत ते पुन्हा उघडून घेता येते, त्यानंतर आतील माहिती पुसली जाते. तेव्हा खाते बंद करण्याचे बटण दाबण्यापूर्वी नव्या जागी उधारीची वही उघडून, शंभर नावांची बाकी जुन्या वहीशी जुळवून घ्यावी.